बैसा

रुवीत सुट्ट्या नाण्याला बैसा म्हणतात.
हजार बैशांचा एक रियाल.
शाल्मली सात वर्षांची होती तेव्हा हसली होती खूप,
"बाबा, पोथीतल्यासारखं हे नाणं
सगळ्यांना बैसा, बैसा म्हणतंय!"
आता ती तेरा वर्षांची आहे.
परवा म्हणाली, "नाव बैसा,
पण आपल्याकडे बसतो कुठे तो?"

तेव्हाच ठरवलं, शिकवू या हिला.
मी स्टोअरकीपर. ब्रेक पॅड, बेल्ट, गॅस्केट,
आलेलं, गेलेलं, उरलेलं,
यापलीकडे मला कुठलं शास्त्र येत नाही.
दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या,
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
"लिही," म्हटलं.
तिने पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं,
"पगार किती?"

खाली गल्लीत कुणीतरी रिकामा सिलिंडर गडगडवत नेत होतं.
स्वयंपाकघरात वैजूची पळी थांबली.

गावी हा प्रश्न आला की मी हसतो,
"चाललंय बरं," म्हणतो.
दादाला वाटतं सहाशे.
सासुरवाडीला त्याहून थोडा जास्तच.
वैजूला खरा आकडा ठाऊक आहे,
पण तोही ओव्हरटाइम धरून.

"चारशे दहा."
तिने लिहिलं. चार, एक, शून्य.
मान वर केली नाही.
झालं, एवढंच.
मला वाटलं होतं, भिंती हलतील.

भाडं एकशे पासष्ट. शाळा. शाळेची बस.
उन्हाळ्यातली वीज.
"मग एसी सोळावर कशाला ठेवायचा?"
हे तीच म्हणाली, मी नाही.
आईने ऐकावं म्हणून जरा मोठ्यानेच.

शुक्रवारी तिला एक्स्चेंजवर नेलं.
रांगेत नांदेडकडचा एक मुलगा,
आमचं मराठी ऐकून पुढे झाला,
"ताई, एवढा फॉर्म भरून द्या,
चष्मा खोलीवर राहिला."
नाकावर चष्म्याची खूण नव्हती.
तिने काही न बोलता भरून दिला.
पगार एकशे वीस,
न विचारता सांगितला त्याने, सगळ्यांसमोर.
पाठवायचे एकशे दोन.

परत येताना ती बराच वेळ गप्प होती.
"अठरा रियालमध्ये महिना?"
"जेवण कंपनीचं असतं त्यांना."
"तरी."
"हो. तरी."

महिनाअखेरीला डबा मोजला.
पन्नास बैसे कमी.
तीनदा बेरीज केली, पानं उलटली,
शेवटी कंपासपेटीतून स्वतःचं नाणं काढून
डब्यात टाकलं. "लागला हिशेब."

तेव्हा मात्र मी तिचा हात धरला.
असं नाही, बाळा.
तूट आली तर तूट लिहायची,
लाल शाईने, तारीख घालून.
खिशातून भरलीस की वही खोटी होते
आणि भोक कुठे आहे
ते कधीच कळत नाही.

तिने नीट ऐकून घेतलं.
नाणं डब्यातून काढून बाजूला ठेवलं.
मग दोन पानं मागे गेली
आणि एका ओळीवर बोट टेकवलं,
'इतर: पंचवीस.'
"हे काय आहे, बाबा?"

दादाच्या गाडीचा हप्ता.
सहाशेवाल्या भावाने
कबूल केलेला, अकरा महिन्यांपूर्वी, फोनवर,
पुष्कळ हसत.

खिडकीबाहेर रुवीचे डोंगर,
एक झाड नाही अंगावर,
लपवायला काही नाही.
मी उभाच होतो.
तिने लाल पेन माझ्याकडे सरकवलं,
पायाने खुर्ची ओढली
आणि हसू दाबत म्हणाली,
"बैसा."

बसलो.
इथे नऊ, म्हणजे संगमेश्वरात साडेदहा.
दादा जागा असेल अजून.